एका पायावर हिराबाई

माझ्या दवाखान्यात तपासणी दाराबाहेरच सुरू होते, आणि ते पेशंटला ठाऊक नसतं. दाराशी ‘चपला-बूट बाहेर काढावेत’ अशी पाटी आहे. पुण्यात पाट्यांची चेष्टा करतात, पण पाळतात. पेशंट पाटी वाचतो, बूट काढायला लागतो आणि मी आतल्या टेबलावरून काचेतून बघत असते. कोण भिंतीला हात लावतो, कोण बरोबरच्या माणसाचा खांदा धरतो, कोण उगाच मोबाइल काढून रेंगाळतो आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून पायरीवर टेकतो. बूट काढायचा म्हणजे एक पाय उचलावा लागतो, आणि एक पाय उचलला की माणूस जसा आहे तसा दिसतो. आत येऊन खुर्चीत बसल्यावर सगळेच ठणठणीत असतात.

दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहा म्हटल्यावर मी सवयीने विषयांची यादी केली: मान, कंबर, गुडघे, पक्षाघात, खेळाडू, बाळंतिणी. मग सगळी खोडली. कारण लोकांना सर्वांत कमी माहीत असलेली आणि मला सर्वांत जास्त शिकवणारी गोष्ट त्या यादीत नव्हतीच. ती म्हणजे एका पायावर उभं राहणं.

मी फिजिओथेरपिस्ट. राहायला बिबवेवाडीत, दवाखाना हडपसरला. आयटी पार्कच्या इमारती उभ्या राहत होत्या त्या दिवसांत मी इथे गाळा घेतला. संगणकापुढे बसून माना धरलेली तरुण मुलं येतील, असा माझा हिशेब होता. ती आलीच. पण त्यांच्या मागोमाग त्यांचे आईवडील आले, आणि ज्यांच्या शेतांवर त्या इमारती उभ्या राहिल्या त्या घरांतली म्हातारी माणसंही आली. त्यांची तक्रार एकच असायची: “हल्ली तोल जातो.”

तोल कसा तपासतात, ते थोडक्यात सांगते. पेशंटला अनवाणी, भिंतीपासून हातभर अंतरावर उभं करायचं. नजर समोरच्या एका खुणेवर. मग एक पाय उचलायचा. मी मागे उभी राहते, दोन्ही हात त्याच्या कमरेच्या आसपास, पण अंगाला न लावता. किती वेळ उभा राहिला हे घड्याळ सांगतं. कसा उभा राहिला हे मला पाहावं लागतं. पायाची बोटं जमीन पकडतात का, कंबर एका बाजूला कलते का, श्वास रोखलाय का, दात आवळलेत का. तोल सांभाळायला शरीराला तीन खबरी लागतात: डोळे, कानाच्या आतलं यंत्र आणि तळपाय. वय झालं की एखादा खबरी आळशी होतो आणि बाकीचे दोघे त्याचं काम ओढतात. डोळे मिटायला सांगितलं की कोण किती ओढत होतं ते लगेच कळतं. आणि हे काही सर्कशीतलं काम नाही. आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला क्षणभर एकाच पायावर असतो. जिना, बस, रिक्षा, न्हाणीघराचा उंबरठा, सगळीकडे तेच.

एवढं समजावून सांगितलं तरी कोथरूडहून मुलीकडे राहायला आलेले एक निवृत्त अधिकारी मला म्हणाले होते, “अहो, एका पायावर उभं राहून देवाकडे वर मागतात असं ऐकलंय. तुमच्याकडे काय मिळतं?”

“जिना उतरायची परवानगी,” मी म्हटलं.

त्यांनी पाय उचलला. नंतर दर खेपेला आत येताना “तपश्चर्येला आलोय” असं सांगायचे.

माझी आणखी एक पद्धत आहे. पेशंटबरोबर आलेल्या नातेवाइकांनाही मी शेजारी एका पायावर उभं करते. त्याचे फायदे दोन. पेशंटला परीक्षेला बसवल्यासारखं वाटत नाही, आणि “बाबांना काही जमत नाही हो” म्हणणाऱ्या मुलाला हे वाटतं तितकं सोपं नाही हे स्वतःच्या घोट्यातून कळतं. जिमचा टी-शर्ट घातलेली कितीतरी मुलं डोळे मिटल्यावर माझ्या खांद्यावर आलेली आहेत.

हिराबाई माझ्याकडे आल्या त्या हातासाठी. (इथली नावं अर्थातच बदललेली आहेत.) सत्तरी ओलांडलेली, काटक, नऊवारीतली बाई. पडून मनगट मोडलं होतं, प्लॅस्टर निघालं होतं आणि बोटं वळत नव्हती. बरोबर मुलगा दत्ता होता. पन्नाशीचा, पोट सुटलेला, स्वभावाने गोड. यांची शेती आयटी पार्कच्या रस्त्यात आणि उरलेली बिल्डरकडे गेली होती. त्या जागेच्या कडेला यांनी तीन मजली घर बांधलं होतं. खालच्या मजल्यावर आयटीतली मुलं भाड्याने राहत, वर घरचे. घरामागे दोन गुंठे जमीन राहिली होती. तिच्यात हिराबाईंचे मेथी, पालक, कोथिंबिरीचे वाफे होते.

दाराशी हिराबाईंनी चपला काढल्या त्या चालता चालताच. एक पाय उचलला, चप्पल झटकली, दुसरा उचलला, झटकली. भिंतीला हात नाही, मुलाच्या खांद्याला नाही. मी मनात म्हटलं, ही बाई पडली कशी?

आत येऊन त्यांनी कोपऱ्यातला पाठीच्या कण्याचा नमुना निरखून पाहिला. “ह्यो कुनाचा मनका?”

“प्लॅस्टिकचा आहे, आजी.”

“तरीच ताठ हाय.”

दत्ता माझ्याकडे वळले. “मॅडम, हात काय, तुम्ही बरा करालच. पण एक काम करा. शेतात जायचं बंद म्हणून तुमच्या तोंडून सांगा. आमचं ऐकत नाही. पहाटेपासून वाफ्यात वाकलेली असते. एक गवताची काडी राहू देत नाही. तिथंच पडली ना. मी आता सिमेंटचे ब्लॉक बसवून घेतोय सगळ्या जागेत. पोरांच्या गाड्या लावायला होईल आणि हिचीपण कटकट संपेल.”

“कसं पडलात, आजी?”

“वाफ्यात पाय घसारला. झालं,” हिराबाई म्हणाल्या आणि परत त्या मणक्याकडे बघायला लागल्या.

मनगट मोडलेल्या पेशंटचं सगळे मनगटच बघतात. पण मोडतो तो हात, आणि पाडतो तो पाय. म्हणून मी पाय तपासतेच. हिराबाईंना उभं केलं. उजवा पाय उचलला. बोटं शांत, कंबर सरळ, श्वास चालू. डावा उचलला. तसाच.

“असं कवर हुभं ऱ्हायाचं?”

“मी बास म्हणेपर्यंत.”

“मंग म्हना की. मेथी निवडायची हाय.”

इतक्या वर्षांत त्या वयाचं असं उभं राहणं मी फार थोड्यांचं पाहिलंय. नांगरटीतून, चिखलातून, बांधांवरून चाललेल्या तळपायांना जमिनीची खबर पोचतेच. मला ते बघत राहावंसं वाटत होतं. पण माझ्या प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो आणि पुढचा प्रश्न राहिला होता. तोल गेला की माणूस आपोआप एक पाऊल पुढे टाकतो आणि वाचतो. ज्याला ते पाऊल टाकता येत नाही तो आडवा होतो. म्हणून मी विचारलं, “पडताना पाय पुढे टाकला नाहीत?”

“पायच निगंना.”

“का?”

“अडाकला.”

“कशात?”

हिराबाईंनी एकदा मुलाकडे पाहिलं. “गवतात.”

गवताची काडी राहू न देणाऱ्या बाईच्या वाफ्यात पाय अडकेल एवढं गवत कुठून आलं, हे दत्तांच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं. “ब्लॉकचं थोडं थांबा, माझी तपासणी पूर्ण होऊ द्या,” एवढंच सांगितलं.

पुढच्या खेपांना हिराबाईंना त्यांची नात स्नेहल स्कूटीवरून सोडायची. नुकतीच एका कंपनीत लागलेली, बडबडी, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. “आजी, मॅडमना त्रास नको देऊ हं. मी कॉल संपवून येतेच,” म्हणून जायची. हिराबाई ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहायच्या.

एक दिवस मी मनगटाला व्यायाम देता देता त्यांना रोजची कामं विचारायला घेतली. अंघोळ कशी करता? जिना कसा उतरता? कपडे कसे घालता?

“लुगड्याला काय घालायचंय? गुंडाळायचं. दोन्ही पाय भुईवर.”

हे वाक्य मी त्याआधी कधी नीट ऐकलंच नव्हतं. साडी, धोतर, लुंगी नेसणाऱ्या माणसाला आयुष्यभर मान खाली घालून, गुडघा पोटाशी आणून, एका पायावर उभं राहून कपडा चढवायची वेळच येत नाही. चप्पल झटकणं वेगळं. तिथे मान वर असते आणि हात मोकळे. मी हिराबाईंना उभं केलं, पाय उचलायला सांगितलं आणि म्हटलं, “आता खाली वाका, दोन्ही हात पावलाकडे न्या.”

त्या वाकल्या आणि कलंडल्याच. माझे हात मागे होते म्हणून बरं.

खुर्चीत बसवून पाणी दिलं. मग विचारलं, “आजी, लुगड्याशिवाय दुसरं काय घालता?”

त्या बोटं मिटत उघडत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “कुनाला सांगनार न्हाई म्हना.”

“नाही सांगणार.”

“पोरीनं पयल्या पगारातनं प्यांट आनली मला. निळी. दोन्ही बाजूला पांढरी पट्टी. म्हनली, आजी, लुगड्यात तुला झपाझपा चालता येत न्हाई, ही घालून सकाळी माझ्यासंगं फिरायला चल. लई हौसेनं आनली वो. तिला दावावं म्हनून एकटीच घालाया गेले. एक पाय घातला. दुसरा बी त्याच्यातच गेला. मंग काय, तोडलेल्या झाडावानी.”

“आणि सगळ्यांना सांगितलंत शेतात पडले.”

“खिडकीतनं वाफं दिसत हुतं. तोंडात तेच आलं.”

“त्याच्यावरून आता ब्लॉक बसवताहेत, आजी.”

“माहीत हाय की.”

“मग खरं सांगून टाका ना.”

“आन् पोरीला काय वाटंल? माझ्यापायी आजीचा हात मोडला म्हनून रडंल. पुन्यांदा कुनाला काय आनायची न्हाई हौसेनं.” त्यांनी मनगट दुसऱ्या हाताने धरलं. “वाफं गेलं तर वाईट वाटंल. न्हाई कशाला म्हनू? नवरा गेला तवापास्न तितंच बसते मी. पन पोरीपरीस न्हाई.”

मी दिवसभर ही गोष्ट डोक्यात घेऊन काम केलं. पेशंटने विश्वासाने सांगितलेलं बाहेर काढायचं नाही, हा धंद्याचा पहिला नियम. पण माझ्या एका वाक्यावर या बाईची जमीन राहणार किंवा जाणार होती. आणि माझ्या वाक्यांवर असं पुष्कळ काही गेलेलं मी पाहिलेलं आहे. “मॅडमनी सांगितलंय” म्हणून कुणाची स्कूटर विकली जाते, कुणाचा माळा बंद होतो, कुणाला गावाकडून उचलून आणतात. मुलांची काळजी खरी असते, पण काळजीला कात्री लवकर सापडते.

म्हणून मी ठरवलं की दिसलं तेवढंच सांगायचं, पण पूर्ण सांगायचं. शेवटच्या खेपेला दत्ता आणि स्नेहल दोघांनाही या म्हणून निरोप दिला. दरम्यान हिराबाईंना व्यायाम लावला: स्वयंपाकघरातल्या ओट्याला एक हात, एक पाय उचललेला, आणि हळूहळू मान खाली. त्यांनी त्यात स्वतःची भर घातली. ओट्याऐवजी घरामागच्या पाण्याच्या टाकीचा कठडा धरायच्या. “कुकरपरीस मेथी बगून बरं वाटतं,” हे कारण. मी दिलेला व्यायाम पेशंट घरी करतात का, हे मला पहिल्या हालचालीत कळतं. हिराबाई एकही दिवस चुकत नव्हत्या. ज्या वाफ्यांवर ब्लॉक बसणार होते, त्यांच्याकडे बघतच ही बाई पाय पक्के करत होती.

ठरल्या दिवशी मी तिघांना ओळीत उभं केलं. मध्ये हिराबाई, एका बाजूला दत्ता, दुसऱ्या बाजूला स्नेहल. दत्ता म्हणाले, “मला कशाला, मॅडम? मी धडधाकट आहे.”

“मग घाबरताय कशाला?” मी म्हटलं.

पाय उचलले. दत्तांचं पोट आधी डावीकडे गेलं, मग ते स्वतः गेले आणि टेबल धरून उभे राहिले. परत उचलला, परत टेबल. स्नेहल छान उभी होती, पण मी डोळे मिटायला सांगताच “अरे यार” म्हणत तिनेही पाय टेकवला. हिराबाई उभ्याच. डोळे मिटल्यावर किंचित हलल्या, पण राहिल्या.

“दत्त्या, आता तुजंच फिरनं बंद कराया पायजे,” त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

स्नेहल खो खो हसली. दत्ताही हसले, पण मग त्यांनी नेमकं तेच विचारलं ज्याची मला धास्ती होती. “तोल एवढा चांगला आहे, मग मॅडम, पडली कशी?”

हिराबाईंनी डोळे उघडले. पाय अजून उचललेलाच होता.

मी पाठ करून ठेवलेलं सांगितलं. “चालताना, काम करताना, उंचसखल जमिनीवर यांचा तोल उत्तम आहे. शेतातल्या कामाला माझी हरकत नाही. उलट ते सुटलं तर हा तोल जाईल, हे मी लिहून द्यायला तयार आहे. कच्चं आहे ते एकच. मान खाली, एक पाय वर आणि दोन्ही हात पावलाशी, असं काही करायचं असेल तर बसून करायचं. उभ्याने नाही.”

“असं ती करते तरी काय?” स्नेहलने विचारलं.

“काय न्हाई करत,” हिराबाई म्हणाल्या आणि पाय खाली ठेवला. “चला आता.”

“ब्लॉकवाल्याला काय सांगू मग?” दत्ता पुटपुटले.

“काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. माझं मत मी सांगितलं,” मी म्हटलं.

तिघं बाहेर पडली. मी सवयीने काचेतून बघत होते. हिराबाईंनी चपलांत पाय सरकवले आणि चालायला लागल्या. दत्ता भिंत धरून सँडलशी झटत होते. स्नेहलने फिरायचे बूट घातले होते, नाडीचे. ती एका पायावर उभी राहिली, गुडघा पोटाशी आणला, मान खाली घातली, दोन्ही हातांनी बूट ओढायला लागली.

आणि तशीच थांबली.

तिने पाय खाली ठेवला. पुढे गेलेल्या आजीकडे पाहिलं, तिच्या नऊवारीकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं. मग काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी घाईने समोरचे कागद चाळायला घेतले. पुन्हा मान वर केली तेव्हा ती पायरीवर बसून दुसरा बूट घालत होती, फार सावकाश. मग उठली, धावत गेली आणि आजीच्या दुखऱ्या नाही त्या हातात हात घातला. हिराबाई तिला काहीतरी टोचून बोलल्या असाव्यात, कारण ती हसली. विचारलं काहीच नसावं. पोर बडबडी होती, पण नको तिथे न बोलण्याची अक्कल तिला घरातूनच मिळाली होती.

काही दिवसांनी मी शेवटची पाहणी करायला त्यांच्या घरी गेले. ब्लॉक बसले होते, पण फक्त कुंपणाच्या भिंतीकडेने, मोटारसायकली तिरक्या लागतील एवढ्या पट्टीत. बाकी वाफे जसेच्या तसे होते आणि मेथी वीतभर वर आली होती. दत्ता म्हणाले, “पोरं तिरक्या लावतात गाड्या. होतंय की. आम्ही उगाच मोठा बेत केला होता.”

वर हिराबाईंच्या खोलीत गेले. मनगट तपासलं, पाय तपासले, वाकायला लावून तपासलं. कलंडणं पुष्कळ कमी झालं होतं. जाता जाता लक्ष गेलं ते कपाटाशेजारी. तिथे एक नवी खुर्ची होती. लाकडी, जड, रुंद हातांची, न सरकणारी. मी पेशंटच्या घरच्यांना नेमकी अशीच खुर्ची घ्यायला सांगते आणि ते नेमकी प्लॅस्टिकची आणतात.

“ही कुणी आणली?”

“स्नेहलची हाय. तिला बूट घालाया लागती म्हनली.”

“तुमच्या खोलीत?”

“व्हय.” हिराबाई माझ्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, “दुसरीकडं जागा न्हाई म्हनली.”

स्नेहलचे बूट मी वर येतानाच पाहिले होते. तळमजल्यावर, जिन्याखाली.

आजी नातीला जपत होती आणि नात आजीला; तिथे तिसऱ्या माणसाचं काम नव्हतं. खुर्चीच्या पाठीवर निळी पँट होती, पांढऱ्या पट्टीची. दोन्ही पाय सरळ करून, सुरकुती काढून टाकलेली.

खालून हाक आली. “आजीऽ, चल की! ऊन होईल!”

“आले गं!” हिराबाई ओरडल्या. खुर्चीत ऐसपैस बसल्या, पँट मांडीवर घेतली, तिचा उजवा पाय कुठला आणि डावा कुठला ते नीट पाहून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बाई, तिकडं तोंड करा.”

लोक बूट कसे काढतात, उठतात कसे, उभे कसे राहतात ते बघण्यावर माझं पोट चालतं. पण मी मुकाट्याने भिंतीकडे तोंड केलं.